नव्वद मैल सरळ रस्ता आणि दहा लिटरची पाण्याची बॅग: एमएसआर ड्रोमेडरीचा रिव्ह्यू

ज्यांना फक्त घ्यायची की नाही एवढंच हवंय त्यांना आधीच सांगते, घ्या. जिथे मधे शंभर-दीडशे किलोमीटर नळ नाही, दुकान नाही, विहीर नाही अशा ठिकाणी एकट्याने सायकल घेऊन जाणार असाल तर दहा लिटरवालीच घ्या, चार किंवा सहा लिटरची नको. कारण रिकामी झाल्यावर तिची घडी होते आणि वजन साधारण तीनशे ग्रॅमच भरतं, म्हणजे मोठी घेतल्याचा तोटा जवळपास काहीच नाही. बाकी सगळं खाली लिहिलंय, लांबलंय जरा, पण पाण्याच्या बाबतीत मला दोन ओळींचा रिव्ह्यू लिहायचा नव्हता.

वस्तू काय आहे ते आधी. एमएसआर ड्रोमेडरी म्हणजे जाड नायलॉन कापडाची पाण्याची पिशवी, कॉर्ड्युरा म्हणतात ते कापड, ट्रेकिंगच्या सॅकला वापरतात तसलं, आणि आतून पॉलियुरेथेनचा थर. चारी बाजूंनी पट्टा शिवलेला आहे, त्याच्यातून दोरी किंवा स्ट्रॅप ओवून कुठेही बांधता येते. झाकण एकच पण त्याच्यात तीन तोंडं, एक पूर्ण उघडून भरायला, एक ओतायला आणि एक अगदी बारीक धारेला. डोंगरी-पायधुणीकडे पखाल घेऊन जाणारे भिस्ती ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं समजवायची गरज नाही, ही पखालच आहे, फक्त चामड्याच्या जागी नायलॉन.

मी मुलुंडची. आमच्या इथून तानसाची पाइपलाइन जाते, तिच्या कडेने मी रोज सकाळी सायकल चालवते आणि नळाला पाणी येणं ही गोष्ट आयुष्यभर गृहीत धरलेली. भातसा, वैतरणा, तानसा कुठेतरी लांब शहापूर-मोखाड्याकडे भरतात आणि आपल्या मोरीत पाणी पडतं. ही बॅग घेऊन मी एकटी ऑस्ट्रेलियात सायकलने फिरले, तिथे पश्चिमेकडच्या नॉर्समन गावाला पोचले तेव्हा कळलं की तिथेही तसंच आहे, पर्थजवळच्या मुंडेरिंगच्या धरणातून पाचशेहून जास्त किलोमीटर लांब पाइपलाइनने पाणी गोल्डफील्ड्सपर्यंत, म्हणजे सोन्याच्या खाणींच्या भागापर्यंत नेलंय, १९०३ साली सुरू झाली ती, आणि नंतर तिचीच शाखा नॉर्समनला आणली. पण नॉर्समन सोडून पूर्वेला जाणाऱ्या एअर नावाच्या हायवेला लागलं की ते संपलं. पुढे सेडूना गावापर्यंत बाराशे किलोमीटर, आणि मधे पाणी म्हणाल तर रोडहाउसवर. रोडहाउस म्हणजे पेट्रोलपंप, खानावळ, चार खोल्या आणि तंबूला जागा हे सगळं एकत्र. नॉर्समनपासून पहिलं बॅलडोनिया १९३ किलोमीटरवर, त्याच्या पुढचं कैगुना आणखी १८२ किलोमीटरवर.

एवढ्या मोठ्या पट्ट्यात नदी का नाही असा प्रश्न मला घरी नकाशा बघतानाच पडला होता. कारण जमीन चुनखडीची आहे. हा हायवे ज्यावरून जातो ते नलारबोरचं पठार सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश म्हणा, आणि पडलेला पाऊस भेगांतून सरळ खाली गुहांमधे उतरतो, वर काही थांबतच नाही. आपल्याकडे सह्याद्रीत कातळाच्या टाक्यात तरी पाणी मिळतं, किल्ल्यावर गेलात की टाकं शोधायचं हे आपल्या अंगवळणी पडलंय. तिथे ती सवय उपयोगाची नाही. रस्त्याच्या कडेला काही थांब्यांवर छप्पर करून पावसाचं पाणी टाकीत साठवायची सोय केलेली आहे पण टाकीत पाणी असेलच असं धरून चालू नये, हे तिथे भेटलेल्या प्रत्येकाने सांगितलं.

आता ज्या दिवशी ह्या बॅगेची खरी किंमत कळली तो दिवस.

बॅलडोनियाहून दुपारी निघाले तेव्हा बॅग काठोकाठ भरलेली, तीन बाटल्या फ्रेमवर, आणि शिवाय पाच लिटरचा एक घडीचा प्लास्टिक कॅन. हा कॅन दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा, नाव लिहीत नाही, तसलेच डझनभर ऑनलाइन मिळतात. सगळं मिळून सतरा लिटर पाणी, म्हणजे सतरा किलो. चढावर उभं राहून पॅडल मारायचं म्हटलं तरी सायकल मागून ओढल्यासारखी होते. सुदैवाने तिथे चढ नाहीतच जवळजवळ. पस्तीसेक किलोमीटरनंतर ती पाटी लागते, नव्वद मैल सरळ रस्ता, १४६.६ किलोमीटर एकही वळण नाही, ऑस्ट्रेलियातला सगळ्यात लांब सरळ रस्ता. लोकांना वाटतं की इथे ओसाड माळ असेल, झाड नसेल. तसं नाहीये, दोन्ही बाजूंना झुडपं आहेत, लहान लहान झाडं आहेत, खरा उघडा माळ बराच पुढे नलारबोर रोडहाउसच्या आसपास थोडासाच लागतो. पाटीच्या पुढे दहा किलोमीटर जाऊन रस्त्यापासून आत तंबू टाकला.

पहाटे साडेचारला उठले तेव्हाच वारा सुटला होता आणि गार नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात थंड हवेचा पट्टा समुद्रावरून येण्याआधी उत्तरेचं वाळवंटातलं वारं वाहतं, वसंतात सुद्धा एखादा दिवस मे महिन्यातल्या विदर्भाएवढा तापतो. माझ्या नशिबी तो दिवस इथे आला. वारा ईशान्येचा आणि रस्ता सरळ पूर्वेला, म्हणजे डाव्या खांद्याच्या समोरून सतत, एक मिनिट सुटका नाही. तासाला आठ किलोमीटर. कसारा घाट चढताना माझा वेग याहून बरा असतो हो. आणि घाटात निदान वळण येतं, वर पोचलो की उतार मिळतो, इथे समोर रस्ता क्षितिजापर्यंत दिसतोय आणि तासाभराने बघितलं तरी तोच दिसतोय. माश्या तोंडावर, जाळीची टोपी घातली की श्वास कोंडतो आणि काढली की नाकात जातात. समोरून रोड ट्रेन आली, दोन-तीन ट्रेलर जोडलेला तीसेक मीटर लांब ट्रक, की तिच्या हवेचा दणका बसायचा, मागून आलेली आरशात दिसली की मी सरळ रस्ता सोडून खाली उतरायचे, त्याच्यात मान-अपमान काही नसतो, त्या ड्रायव्हरला एवढं वजन पटकन थांबवता येत नाही.

नऊ वाजता बाटल्या भरायला थांबले. कॅन उचलला तर हलका. कॅरिअरच्या एका नटवर घासून घासून त्याच्या कोपऱ्याला बारीक चीर गेली होती आणि सकाळी साडेतीन लिटर होतं ते वाटेत थेंब थेंब सांडून गेलं होतं. खालची पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकवायची बॅग, थोडी ओली, बाकी रस्त्यावर काहीच खूण नाही, तापलेल्या डांबरावर लगेच वाळून जातं. बाटल्या रिकाम्या, कॅन रिकामा, १०४ किलोमीटर बाकी, आणि या वाऱ्यात ते त्या दिवशी होणारच नव्हते. तो नट ड्रोमेडरीलाही लागत होता, तीही त्याच कॅरिअरवर, त्याच स्ट्रॅपखाली बांधलेली होती. मी हात फिरवून बघितलं तर कापडावर पांढरट चट्टा उठलेला, बस. आत पूर्ण दहा लिटर.

ह्या एका गोष्टीसाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. पातळ प्लास्टिकची पिशवी ओट्यावर ठेवून बघितली तर चांगलीच वाटते. सायकलवर ती दिवसभर थरथरत असते, खाली धातू असतो, वरून ऊन असतं, आणि तिथे जाड कापड आणि पातळ प्लास्टिक ह्यांच्यात फरक पडतो तो साडेतीन लिटरचा, आणि त्या दिवशी साडेतीन लिटर म्हणजे उन्हातले तीन-साडेतीन तास. शरीर अशा उन्हात कष्ट करताना तासाला लिटरभर घाम सहज टाकतं.

अकरापर्यंत रेटलं. सायकल कॉम्प्युटर ४१ दाखवत होता, तो उन्हातच असतो म्हणून थोडं जास्त दाखवत असेल, पण डोकं ठणकायला लागलं तेव्हा मी थांबले. नव्वदच्या वर किलोमीटर बाकी. एका झुडपाच्या आडोशाला तंबूचं वरचं कापड बांधून त्याच्याखाली पडून राहिले. बॅग उन्हातून काढून सावलीत, पाठीखालच्या मॅटच्या मागे. गडद कापड उन्हात तापतं आणि आतलं पाणी चहाएवढं गरम होतं, हे सगळ्याच अशा बॅगांना लागू आहे, म्हणून सायकलवर असतानाही मी तिच्यावर पांढरा पंचा टाकते.

झाकणाचं ते बारीक तोंड मी घरी बिनकामाचं समजत होते. त्या दुपारी त्याचीच किंमत कळली. तेवढंच उघडून सुताएवढी धार काढायची, सुती ओढणी मानेवर आणि डोक्यावर ओली करायची, वाऱ्याने पाणी उडतं आणि अंगातली उष्णता घेऊन जातं. ज्या वाऱ्याने सकाळपासून छळलं त्याचाच असा उपयोग. बाटलीने ओतलं असतं तर अर्धं पाणी मातीत गेलं असतं. तासाला एक पेलाभर ओढणीवर, बाकी प्यायला, एका बाटलीत ओआरएसची पुडी, घोट घोट. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि त्याने चक्कर, मळमळ, पुढे त्याहूनही वाईट होऊ शकतं, तेव्हा पुड्या मुंबईहून नेल्या होत्या ते फार बरं झालं.

त्या सावलीत पडल्या पडल्या मला एअर आठवत होता, ज्याच्या नावाचा हा हायवे आहे. १८४१ मधे हा माणूस ह्याच किनाऱ्याने पश्चिमेला गेला. स्थानिक लोकांनी दाखवलं म्हणून वाळूच्या टेकड्यांत खणून पाणी मिळालं, आणि जिथे तेही नव्हतं तिथे पहाटे पानांवरचं दव स्पंजने टिपून भांड्यात पिळलं. कैगुनाच्या दक्षिणेला त्याचा सोबती बॅक्स्टर मारला गेला आणि तिथून पुढे एअरच्या साथीला होता वायली नावाचा आदिवासी तरुण, आल्बनीकडचा. दोघं आल्बनीला जिवंत पोचले. वायलीचं नाव मात्र हायवेला नाही, ते मला खटकतं. आणि सायकलवाल्यांचा पूर्वज म्हणावा असा आर्थर रिचर्डसन, १८९६ मधे कूलगार्डीहून अ‍ॅडलेडला ह्या पठारावरून सायकलने गेला, ३१ दिवसांत, टेलिग्राफच्या तारेच्या खांबांच्या कडेकडेने, सोबत थोडंसं सामान आणि एक पाण्याची पिशवी. डांबर नव्हतं तेव्हा, हायवे पूर्ण डांबरी झाला १९७६ ला.

दोनच्या सुमारास एक कॅराव्हॅन थांबली. साठीच्या पुढचं जोडपं, निवृत्तीनंतर देशभर फिरणारी अशी खूप माणसं तिथे भेटतात. काकांनी काही विचारायच्या आधी जेरीकॅनच काढला. आता जेरीकॅनच्या जाड धारेने सायकलच्या बाटलीत ओतायचं म्हणजे निम्मं बाहेर, पण ह्या बॅगेचं तोंड पूर्ण उघडतं, मी दोन्ही हातांनी पट्टा धरून उभी राहिले आणि दोनेक लिटर थेंब न सांडता आत गेलं. जास्त घ्या म्हणत होते, मी नको म्हटलं कारण त्यांनाही पुढे जायचं होतं. काकूंनी संत्रं दिलं. कुठून आलीस विचारलं, मुंबई म्हटल्यावर दोघांनी माझ्याकडे आणि मग सायकलकडे बघितलं. पीएलबी आहे का, म्हणजे संकटात उपग्रहाला सिग्नल पाठवणारं यंत्र, ते विचारून खात्री करून घेतली, आणि ट्रकवाल्यांना रेडिओवर ४० नंबरच्या चॅनेलवर सांगतो पुढे एक सायकलवाली आहे, असं म्हणून गेले. त्यांच्याबद्दल अजून लिहिलं तर रिव्ह्यू बाजूलाच राहील.

चारच्या आसपास वारा पडला. पाच मिनिटं अगदी शांत, आणि मग नैऋत्येकडून गार झोत आला, समुद्रावरचा, तापमान बघता बघता उतरलं. आता वारा पाठीशी. सहा वाजेपर्यंत चाळीस किलोमीटर काढले, सकाळच्या सहा तासांत जेवढे झाले होते जवळपास तेवढेच दोन तासांत. वाटेत रस्त्यावरच विमान उतरायचे पट्टे रंगवलेले लागले, रॉयल फ्लाइंग डॉक्टर म्हणजे विमानाने डॉक्टर पोचवणारी तिथली सेवा, तिचं विमान गरज पडली तर हायवेवरच उतरतं. अंधारात कांगारू रस्त्यावर येतात म्हणून सूर्य मावळताच थांबले, भात-डाळ एकत्र शिजवलं, एक लिटर त्याच्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी कैगुनाला पोचले तेव्हा बॅगेत दीड लिटरच्या आसपास शिल्लक होतं.

कैगुनाला पाणी विकत घेतलं, किंमत मुंबईच्या कितीतरी पट. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. त्या लोकांना प्रत्येक बाटली शेकडो किलोमीटरवरून ट्रकने आणावी लागते. तिथल्या नळाचं पाणी आधी विचारल्याशिवाय भरू नका, प्यायचं आहे का आणि द्यायला परवडतंय का दोन्ही विचारा.

आता बॅग वापरायच्या बारीकसारीक गोष्टी, ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. ती मागच्या कॅरिअरवर आडवी आणि जमेल तेवढी खाली बांधा, उंच बांधली तर अर्धी झाल्यावर पाणी आत हिंदकळतं आणि सायकल डोलते. पाणी कमी होईल तशी आतली हवा काढून स्ट्रॅप परत आवळायचे, हे दिवसातून तीन-चारदा करायला लागतं आणि कंटाळा येतो पण केलंच पाहिजे. खाली जुन्या ट्यूबचा तुकडा अंथरा. तो मी कैगुनाला अंथरला, तिथल्या कचऱ्यात सापडला. स्ट्रॅप मी क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीतून घेतलेले बकलवाले, हूकवाली रबरी दोरी नको, हूक निसटला तर डोळ्याला लागतो. बॅगेत फक्त पाणी, दुसरं काहीही नाही, सरबत, कोकम, ओआरएस सगळं बाटलीत करायचं, गोड काही आत गेलं की बुरशी धरलीच म्हणून समजा.

बुरशीवरून आठवलं, मुंबईच्या लोकांना ह्या प्रकारच्या कुठल्याही बॅगेचा खरा त्रास तो आहे. तोंड मोठं असलं तरी आत हात जात नाही, आणि जुलैत आपल्याकडे टॉवेल दोन दिवस वाळत नाही तिथे ही काय वाळणार. खाण्याचा सोडा टाकून खळखळून धुवायची, आत एक लाकडी चमचा उभा घालून दोन्ही बाजू वेगळ्या राहतील अशी पंख्याखाली टांगायची, आणि तरी खात्री नसेल तर घडी करून फ्रीजरमधे ठेवायची, गोठलेल्या जागी बुरशी वाढत नाही. आमच्या फ्रीजरमधे ती मटारच्या पिशवीशेजारी असते, आईला आता सवय झालीय. नवीन असताना पाण्याला थोडा वास येऊ शकतो, लिंबू पिळलेलं पाणी रात्रभर ठेवून सकाळी धुतली की जातो.

स्वस्त नाहीये, हे खरं आहे. माझी मावसभावाने येताना आणली. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला जाऊन येणाऱ्यांना, किंवा मुंबई-गोवा करणाऱ्यांनासुद्धा हिची काही गरज नाही, आपल्या रस्त्यावर दर पाच-दहा किलोमीटरला टपरी आहे, दोन बाटल्या पुरतात, ते पैसे चांगल्या टायरला घाला. सह्याद्रीत उन्हाळी ट्रेकला ग्रुपने जाणाऱ्यांना मात्र उपयोगी, मुक्कामी झाडाला टांगली की नळासारखी चालते. लडाख-स्पितीला पाणी वाटेत मिळतं पण मुक्कामी साठवायला सहा लिटरची चालेल. आणि वाळवंटाकडे, रणाकडे, किंवा ऑस्ट्रेलियाला जाणार असाल तर दहा लिटरची, सोबत एक जादा झाकण, कारण झाकण हरवलं तर एवढी चांगली बॅग फडकं होऊन बसेल.

माझ्याकडून ५ पैकी ४.५. अर्धा कापला तो धुण्या-वाळवण्याच्या व्यापासाठी.

मुलुंड-भांडुपकडे कुणाला प्रत्यक्ष हातात घेऊन, पाणी भरून, सायकलवर बांधून बघायची असेल तर विचारा, आनंदाने दाखवेन. फक्त जानेवारीच्या आधी, नंतर मी ती घेऊन कच्छला निघतेय.